क्रिस्टन निगार्ड: ज्यांच्यामुळे प्रोग्रॅममध्ये ‘ऑब्जेक्ट’ आला

शिरोली एमआयडीसीतल्या कुठल्याही फाउंड्रीत जा. मोल्डिंग, भट्टी, फेटलिंग, मशीन शॉप. आणि जागोजागी जॉबची रांग. एक मशीन बंद पडलं तर मागे किती जॉब तुंबतील, हे कॉम्प्युटरवर आधीच बघता येईल का? अशाच प्रश्नांच्या मागे नॉर्वेतला एक गणितज्ञ लागला होता. आपण जावा-पायथनमध्ये लिहितो तो ‘क्लास’ त्यातूनच आला.

क्रिस्टन निगार्ड यांचा जन्म 27 ऑगस्ट 1926 चा, ऑस्लोचा. 1948 पासून ते नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेत होते. आधी देशाच्या पहिल्या अणुभट्टीची आकडेमोड, मग ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे काम कुठे आणि का अडतं याचं गणित. 1960 मध्ये ते नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये आले आणि पुढच्याच वर्षी सिम्युलेशनसाठी वेगळी भाषा आखायला लागले. प्रोग्रॅमिंगमध्ये मुरलेले ओले-योहान डाल जोडीला होते. सिम्युला ही भाषा दोघांची.

आता अडचण बघा. सी शिकताना आपण स्ट्रक्चर्ड पद्धत शिकतो: काम फंक्शनमध्ये तोडायचं, आत क्रम, इफ आणि लूप. डेटा वेगळा, फंक्शन वेगळी. पगारपत्रक काढायला हे झकास. पण पन्नास मशीन असलेला कारखाना? कुणाची रांग किती, कोण रिकामं, कोण बिघडलेलं, हे सगळं वेगवेगळ्या ॲरेमध्ये आणि कुठलंही फंक्शन येऊन ते बदलणार. नव्या प्रकारचं मशीन आलं की दहा ठिकाणचे इफ शोधत बसा.

निगार्ड आणि डाल यांनी मशीनची माहिती आणि मशीनची कामं एकत्र बांधली. सिम्युला 67 मध्ये क्लास आला. क्लास म्हणजे पॅटर्न, ऑब्जेक्ट म्हणजे त्यावरून निघालेलं कास्टिंग. (फक्त हे कास्टिंग जिवंत असतं, स्वतःची रांग स्वतः सांभाळतं.) ‘मशीन’ या क्लासवरून ‘लेथ’ आणि ‘ड्रिल’ काढले की मशीनचं सगळं त्यांना आपोआप मिळतं, हे इन्हेरिटन्स. ‘काम सुरू कर’ म्हटल्यावर प्रत्येकजण आपापल्या पद्धतीने सुरू करतो; हे पॉलिमॉर्फिझम.

परीक्षेत ‘फरक लिहा’ म्हणून या दोन पद्धती समोरासमोर उभ्या करतात. पण 1972 चं ‘स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंग’ हे गाजलेलं पुस्तक डायक्स्ट्रा आणि होअर यांच्याबरोबर याच डाल यांनी लिहिलंय आणि त्यात सिम्युलाच्या क्लासवर लिखाण आहे. ऑब्जेक्टच्या आत शेवटी तेच इफ आणि तेच लूप असतात की!

मला स्वतःला निगार्ड यांचं पुढचं काम जास्त मोठं वाटतं. कारखान्याचं मॉडेल बनवणाऱ्याच्या हातात कामगाराचा दिवस जातो, हे त्यांना दिसलं होतं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ते नॉर्वेच्या लोखंड आणि धातू कामगारांच्या युनियनबरोबर बसले. कॉम्प्युटर आल्यावर आपल्या कामाचं काय होणार, हे कामगारांनीच समजून घ्यावं आणि त्यावर बोलावं, यासाठी. 1975 मध्ये तिथल्या कामगार महासंघाचा आणि मालकांच्या संघटनेचा करार झाला: कामावर परिणाम करणाऱ्या कॉम्प्युटर सिस्टिमची माहिती कामगारांना समजेल अशा भाषेत द्यायची. आपल्याकडे शॉप फ्लोअरवर नवीन ईआरपी बसवताना भट्टीवरच्या माणसाला किती जण विचारतात?

सी++ बनवताना ब्यार्न स्ट्रॉस्ट्रुप यांनी क्लास सिम्युलावरूनच घेतला. निगार्ड आणि डाल यांना 2001 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. 2002 मध्ये 29 जूनला डाल गेले, 6 ऑगस्टला डायक्स्ट्रा आणि चारच दिवसांनी, 10 ऑगस्टला, निगार्ड.