मैहरचे बाबा आणि त्यांची पोरकी मुले

स्नेहसंमेलन जवळ आले की आपल्या महाविद्यालयात ऑर्केस्ट्रा हा शब्द कानी पडू लागतो. गिटार, ड्रम, अ‍ॅकॉर्डियन आणि चित्रपटगीते असेच चित्र मग आपल्या डोळ्यांपुढे येते. मला मात्र अलीकडे या शब्दासरशी एक दाढीवाले, साध्या वेशातले वृद्ध गृहस्थ आठवतात. ते म्हणजे मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. रविशंकर, अली अकबर खाँ यांचे गुरू म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु त्यांचे मोठेपण मला अधिक जाणवते ते त्यांनी उभारलेल्या वाद्यवृंदात.

त्यांचा जन्म पूर्व बंगालमधील, आज बांगलादेशात असलेल्या, शिवपूर या खेड्यातला. जन्मसाल कोणी १८६२ मानतात, तर कोणी १८८१. शाळेत मन रमेना, गाण्यावाचून चैन पडेना, म्हणून कोवळ्या वयातच त्यांनी घर सोडले. जत्रेच्या नाटकमंडळीबरोबर भटकत ते कलकत्त्यास पोहोचले. अन्नछत्रात जेवावे, मिळेल तिथे निजावे आणि गुरू शोधीत हिंडावे, असा क्रम सुरू झाला. गोपालकृष्ण भट्टाचार्य ऊर्फ नुलो गोपाल यांनी त्यांना गायन शिकविले. पुढे ते गुरू प्लेगने गेले आणि अल्लाउद्दीन वाद्यांकडे वळले. स्वामी विवेकानंदांचे आप्त अमृतलाल दत्त यांच्याकडे त्यांनी अनेक वाद्ये हाताळली. लोबो नावाच्या गोमंतकीय बँडमास्तरांकडे ते व्हायोलिन शिकले. मैहरच्या वाद्यवृंदाच्या पायात एक दगड गोव्याचाही आहे, हे वाचून मला फार बरे वाटले!

सरोदची गोडी लागल्यावर ते अहमद अली खाँ यांच्याकडे गेले आणि अखेरीस रामपूरला वजीर खाँ यांच्या दाराशी येऊन थांबले. वजीर खाँ तानसेनाच्या वंशपरंपरेतले. त्या काळी घराण्याची विद्या बाहेरच्याला सहजासहजी मिळत नसे. दार उघडेना, तेव्हा या तरुणाने रामपूरच्या नबाबांच्या गाडीपुढे स्वतःला झोकून दिले आणि नबाबांच्या शब्दामुळे त्याला शिष्यत्व मिळाले, असे सांगतात. शिष्यत्व मिळाले तरी तालीम लगेच मिळाली नाही. आधी दीर्घकाळ सेवाच करावी लागली.

या तपश्चर्येनंतर १९१८ च्या सुमारास ते विंध्य प्रदेशातील मैहर या छोट्या संस्थानात आले. राजे ब्रिजनाथ सिंह यांनी त्यांना गुरू केले. दरबारी उस्तादाने राजाला शिकवावे, मैफली कराव्यात आणि सुखाने राहावे, एवढेच खरे तर अपेक्षित होते. पण तो काळ भीषण होता. आपल्याकडे ज्या साथीला मानमोडी म्हणत, तिने त्या वर्षी देशभर थैमान घातले होते. मैहरातही साथीने घरे ओस पडली आणि अनेक मुले पोरकी झाली. अल्लाउद्दीन खाँनी ती मुले गोळा केली आणि त्यांच्या हाती वाद्ये दिली.

ही मुले कोणत्या घराण्यातली नव्हती. लिहिणे-वाचणेही त्यांना येत नव्हते. बाबांनी त्यांना सारे ऐकवून, घोकवून, तोंडपाठ करून शिकविले. सतार, इसराज आणि तबल्याच्या शेजारी व्हायोलिन, चेलो, पियानो येऊन बसले. जे वाद्य नव्हते ते बाबांनी घडविले. बंदुकीच्या नळ्या निरनिराळ्या लांबीच्या कापून त्यांनी नळतरंग तयार केले. ज्या नळ्यांतून मरण सुटायचे त्यांतून मुले सूर काढू लागली! एकट्याने रंगवायचा राग अनेकांनी मिळून वाजवावा, यासाठी त्यांनी नेमक्या, आटोपशीर रचना बांधल्या. काहींत पाश्चात्य धुनांचाही उपयोग केला. मैहर बँड जन्मास आला तो असा.

बाबांचा स्वभाव मात्र जमदग्नीचा होता. सूर चुकला की हात उगारला जाई. खुद्द अली अकबर यांनीही बालपणी बेदम मार खाल्ला. या कठोरपणाचे समर्थन मला करवत नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, की पोरक्या मुलांना शिकवायचे म्हणून त्यांनी विद्येचे माप कमी केले नाही. शिस्त राजपुत्राला तीच, अनाथालाही तीच.

पुढे कीर्ती आली. १९३५-३६ मध्ये ते उदयशंकर यांच्या नृत्यपथकाबरोबर युरोपात जाऊन आले. १९३८ मध्ये रविशंकर मैहरला शिकायला आले. कन्या अन्नपूर्णादेवी, पन्नालाल घोष, निखिल बॅनर्जी अशी शिष्यांची मालिकाच उभी राहिली. १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण हे सन्मान मिळाले. पाच वेळा नमाज पढणारे बाबा टेकडीवरील शारदामातेचेही भक्त होते आणि या दोन गोष्टींत त्यांना कधी विसंगती वाटली नाही. ६ सप्टेंबर १९७२ रोजी मैहरातच त्यांचे निधन झाले. त्यांचा वाद्यवृंद मात्र संस्थान विलीन झाल्यावरही टिकून राहिला. त्या मुलांनी पुढच्या पिढीला शिकविले.

रविशंकरांचे नाव जगाला ठाऊक आहे. नळतरंगावर पहिला सूर काढणाऱ्या पोराचे नाव आपल्यापैकी कुणाला सांगता येईल? संगीताच्या इतिहासात आपण शिखरेच मोजतो. मला वाटते, ज्या विद्येसाठी स्वतःला गाडीपुढे झोकून द्यावे लागले, ती विद्या बाबांनी कुणीही न मागता अनाथांच्या ओंजळीत घातली, हेच त्यांचे सर्वात मोठे दान होय. कलाशाखेत शिकणाऱ्या आपण सर्वांनी हे दान विसरू नये.