जयंतो नाथ चौधुरी

जनरल जयंतो नाथ चौधुरी (१० जून १९०८ – ६ एप्रिल १९८३) हे भारतीय भूसेनेचे प्रमुख (१९६२–१९६६), हैदराबाद संस्थानाचे लष्करी गव्हर्नर (१९४८–१९४९) आणि कॅनडातील भारताचे उच्चायुक्त होते. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईत सोलापूरच्या बाजूने हैदराबाद संस्थानात शिरलेल्या मुख्य फौजेचे ते सेनापती होते. या मोहिमेतील पहिली लढाई नळदुर्ग (तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा) येथे झाली. मराठवाड्यात ते जनरल चौधरी या नावाने ओळखले जातात. चौधरी हे आडनाव महाराष्ट्रात परिचित असल्यामुळे अनेकांना ते मराठी किंवा उत्तर भारतीय वाटतात. प्रत्यक्षात ते बंगाली होते.

कुटुंब आणि शिक्षण

चौधुरी यांचा जन्म कलकत्ता येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे पूर्व बंगालमधील पाबना जिल्ह्यातील जमीनदारांचे. वडील अमियनाथ हे बॅरिस्टर होते. आई प्रमिला या व्योमेशचंद्र बॅनर्जी यांच्या कन्या. हे बॅनर्जी म्हणजे १८८५ मध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्ष. बंगाली गद्याला वळण देणारे लेखक प्रमथ चौधुरी हे जयंतो यांचे काका होते आणि चित्रपट अभिनेत्री देविकाराणी ही त्यांची चुलत बहीण. कायदा, साहित्य आणि राजकारण यांत रमलेल्या अशा घरातून एका मुलाने सैन्यात जाणे ही त्या काळी अपवादाची गोष्ट होती.

कलकत्त्यातील सेंट झेवियर्स आणि लंडनमधील हायगेट या संस्थांत शिक्षण घेऊन त्यांनी सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात प्रवेश मिळवला. तेथे राखलेल्या मिशीमुळे त्यांना मुछू हे टोपणनाव पडले आणि ते आयुष्यभर टिकले. १९२८ मध्ये त्यांना अधिकारपद मिळाले. आरंभी एका ब्रिटिश पलटणीत उमेदवारी केल्यावर १९२९ मध्ये ते ७ व्या लाइट कॅव्हलरीत रुजू झाले.

दुसरे महायुद्ध

क्वेट्टा येथील स्टाफ कॉलेजचा अभ्यासक्रम पूर्ण करून चौधुरी ५ व्या भारतीय डिव्हिजनच्या मुख्यालयात गेले. या डिव्हिजनने सुदान, इरिट्रिया आणि ॲबिसिनिया येथे इटालियन सैन्याशी आणि पुढे उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मन सेनापती रोमेल याच्या फौजांशी झुंज दिली. चौधुरी यांचे काम प्रामुख्याने मुख्यालयातील होते. वाळवंटातील युद्धात पेट्रोल, पाणी आणि रस्ता यांचा हिशेब चुकला की रणगाडे निरुपयोगी ठरतात. त्यांच्या पुढील मोहिमांची आखणी पाहिली, तर हा धडा त्यांनी पक्का गिरवला होता असे दिसते. या सेवेबद्दल त्यांना ओ.बी.ई. हा ब्रिटिश किताब मिळाला.

१९४४ मध्ये ते १६ व्या लाइट कॅव्हलरीचे प्रमुख झाले. चिलखती मोटारींची ही पलटण १९४५ च्या ब्रह्मदेश मोहिमेत मेकटिला परिसरातील लढायांत होती. युद्ध संपल्यावर त्यांनी इंडोचायना, जावा आणि मलाया येथे काम केले. १९४६ मध्ये लंडनच्या विजय संचलनासाठी गेलेल्या भारतीय तुकडीचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. स्वातंत्र्यानंतर ते दिल्लीत लष्करी कारवाई विभागाचे संचालक झाले आणि मे १९४८ मध्ये १ ल्या आर्मर्ड डिव्हिजनचे प्रमुख. तेव्हा ते चाळिशीत प्रवेश करत होते.

नळदुर्ग आणि पोलीस कारवाई

निजाम मीर उस्मान अली खान यांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये भारताशी जैसे थे करार केला होता. विलीनीकरणाला मात्र त्यांची तयारी नव्हती. कासीम रझवी यांच्या रझाकार संघटनेच्या अत्याचारांमुळे सीमेवरील गावांतून लोक सोलापूर, बार्शीकडे स्थलांतर करत होते. स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सरहद्दीवर कॅम्प उभारले होते आणि तेथून सशस्त्र प्रतिकार चालू होता. या पार्श्वभूमीवर भारत सरकारने कारवाईचा निर्णय घेतला. एकूण सूत्रे दक्षिण कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल राजेंद्रसिंहजी यांच्याकडे होती. पूर्वेकडून, बेजवाड्याच्या दिशेने, मेजर जनरल रुद्र यांची फौज निघणार होती. मुख्य प्रहार पश्चिमेकडून, सोलापूर–हैदराबाद रस्त्याने, मेजर जनरल चौधुरी यांच्या फौजेने करायचा होता.

या रस्त्यावर संस्थानात शिरल्यावर लागणारे पहिले मोठे ठाणे म्हणजे नळदुर्ग. गावाला लागून बोरी नदी वाहते. आदिलशाहीत या नदीला बांध घालून त्यातच पाणीमहाल बांधला गेला आणि तिचे पाणी किल्ल्याच्या संरक्षणासाठी वापरले गेले. तीन-साडेतीन शतकांनंतरही या जागेचे महत्त्व तेच राहिले होते. सप्टेंबरचा महिना म्हणजे नद्यांना पूर आणि काळ्या जमिनीचा चिखल; रस्ता सोडून रणगाडे व मालमोटारी शेतातून नेणे अशक्य. बोरीवरचा पूल शाबूत मिळाला तर हैदराबादचा रस्ता मोकळा होता. तो उडवला गेला असता तर सारी फौज सीमेपासून हाकेच्या अंतरावर अडकून पडली असती.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे ७ व्या ब्रिगेडने वेगाने चाल करून हा पूल धक्का न लागता ताब्यात घेतला. पाठोपाठ २ ऱ्या शीख पलटणीने नळदुर्ग येथील १ ल्या हैदराबाद इन्फन्ट्रीच्या मोर्चांवर हल्ला केला. पूल उडवण्याची कामगिरी निजामाच्या नोकरीत असलेल्या मूर नावाच्या एका माजी ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याकडे होती. स्फोटके भरलेल्या जीपसह तो नळदुर्गजवळ पकडला गेला. सकाळी ९ वाजता भारतीय रणगाडे जळकोटला पोचले होते. लेफ्टनंट कर्नल राम सिंह यांची तुकडी पुढे निघाली आणि दुपारी सव्वातीनच्या सुमारास सीमेपासून ६१ किलोमीटर आत असलेल्या उमरग्यात दाखल झाली. त्याच पहाटे दुसऱ्या एका तुकडीने तुळजापूर गाठले. तेथे हैदराबादी सैनिक आणि सुमारे २०० रझाकार यांनी दोन तास प्रतिकार केला. त्यानंतर लोहाऱ्याकडे जाणारी वाटचाल मात्र पुराच्या पाण्याने थोपवली. पुलाचे मोल काय होते, हे या एका प्रसंगावरून ध्यानात येते.

पुढील दिवसांत राजेश्वर, हुमणाबाद, जहीराबाद अशी ही फौज सरकत गेली. १७ सप्टेंबर रोजी निजामाने युद्धबंदी जाहीर केली. १८ सप्टेंबरच्या दुपारी हैदराबादचे सेनापती मेजर जनरल अल इद्रूस यांनी चौधुरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. १७ सप्टेंबर हा दिवस आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो.

लष्करी गव्हर्नर

शरणागतीनंतर चौधुरी यांची लष्करी गव्हर्नर म्हणून नेमणूक झाली. निजाम नाममात्र प्रमुख राहिले. सत्ता गव्हर्नरच्या हाती आली. मुलकी कारभारासाठी मुंबई व मद्रास प्रांतांतून अधिकारी बोलावण्यात आले आणि मुख्य मुलकी प्रशासक म्हणून डी. एस. बखले यांनी काम पाहिले. रझाकार संघटनेवर बंदी आली, रझवी यांना अटक झाली. निजामाच्या खासगी मालकीचा सर्फ-ए-खास मुलूख सरकारात विलीन करण्यात आला आणि ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी रद्द करणारा कायदा जारी झाला. मराठवाड्यातील कुळांच्या दृष्टीने हा या राजवटीचा सर्वांत दूरगामी निर्णय म्हणावा लागेल. तेलंगणातील कम्युनिस्टांच्या सशस्त्र लढ्याविरुद्धही याच काळात कठोर लष्करी कारवाई झाली.

या कालखंडाची एक बाजू मात्र दीर्घकाळ अबोल राहिली. फौजा पुढे सरकल्यावर आणि शरणागतीनंतरच्या आठवड्यांत अनेक गावांत मुस्लिम वस्त्यांवर हल्ले, लूट आणि हत्या झाल्या. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली पाठवलेल्या समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानाचा दौरा केला. तिच्या अंदाजानुसार मृतांची संख्या २७ हजार ते ४० हजार होती. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे होते. काही ठिकाणी सैनिक व पोलीसही यात सामील असल्याचे, तर काही ठिकाणी सैन्याने लोकांचे रक्षण केल्याचे समितीने नोंदवले. सरकारने हे निष्कर्ष स्वीकारले नाहीत आणि अहवाल प्रसिद्ध केला नाही. तो अभ्यासकांना सहज उपलब्ध झाला २०१३ च्या सुमारास. मृतांच्या आकड्याबद्दल मतभेद आहेत. विशेष म्हणजे, चौधुरी यांच्या ठायी जातीय पूर्वग्रह नसल्याचा निर्वाळा याच समितीने दिला होता. असे असले तरी ज्या मुलखाचा सर्वाधिकार त्यांच्या हाती होता, त्या मुलखात हे घडले. रझाकारांच्या अत्याचारांच्या आठवणी घरोघरी सांगितल्या जातात, त्यांच्याशेजारी या घटनांचीही नोंद असल्याशिवाय चौधुरी यांचे चरित्र पूर्ण होत नाही.

१९४९ च्या अखेरीस त्यांनी हे पद सोडले. जानेवारी १९५० मध्ये एम. के. वेल्लोडी हे हैदराबादचे मुख्यमंत्री झाले.

गोवा

१९५९ मध्ये चौधुरी पुण्यातील दक्षिण कमांडचे प्रमुख झाले. डिसेंबर १९६१ मधील गोवा मुक्तीची मोहीम त्यांच्या अखत्यारीत पार पडली. प्रत्यक्ष १७ व्या डिव्हिजनचे नेतृत्व मेजर जनरल कँडेथ यांनी केले. १९ डिसेंबरला पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वसालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. या वेळी लष्करी गव्हर्नरपद कँडेथ यांच्याकडे गेले.

भूसेनाप्रमुख

नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनकडून झालेल्या पराभवानंतर जनरल थापर पायउतार झाले आणि चौधुरी यांच्याकडे भूसेनेची धुरा आली. त्याच आठवड्यात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. खचलेल्या सैन्याची पुनर्बांधणी हे दोघांपुढील पहिले काम होते. पराभवाच्या लष्करी कारणांची चौकशी हेंडरसन ब्रुक्स यांच्याकडे सोपवण्यात आली. डोंगरी युद्धासाठी नवे डिव्हिजन उभारण्यात आले आणि सैन्याची संख्या ८ लाख २५ हजारांपर्यंत नेण्याची योजना आखली गेली.

१९६५ च्या युद्धात त्यांच्या नेतृत्वाची खरी कसोटी लागली. १ सप्टेंबर रोजी पाकिस्तानी रणगाडे छांब भागात शिरल्यावर चौधुरी हवाई दल प्रमुख अर्जन सिंग यांच्यासह चव्हाणांकडे गेले आणि चव्हाणांनी काही मिनिटांत हवाई हल्ल्यांना परवानगी दिली. ६ सप्टेंबरला भारताने लाहोर आघाडी उघडली. खेमकरण भागात पाकिस्तानी रेटा वाढला, तेव्हा चौधुरी यांनी बियास नदीपर्यंत माघार घेण्याचा विचार मांडला आणि आपण तो नाकारला, असे पश्चिम कमांडचे प्रमुख हरबक्ष सिंग यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे. यावर अभ्यासकांत एकमत नाही. त्यानंतर असल उत्तर येथे पाकिस्तानी रणगाड्यांचा दणदणीत पराभव झाला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. युद्धाच्या अखेरीस पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी विचारणा केली असता, दारूगोळा मोठ्या प्रमाणात संपत आल्याचे चौधुरी यांनी सांगितले. पुढे झालेल्या हिशेबात साठ्याचा अल्प भागच, सुमारे १४ टक्के, वापरला गेल्याचे आढळले. २३ सप्टेंबरला युद्धबंदी लागू झाली. रसदीबाबतची जी सावधगिरी त्यांनी वाळवंटात आत्मसात केली, तीच येथे अतिरेकाला गेली, असे टीकाकारांचे मत ग्राह्य वाटते. मात्र १९६२ चा पराभव पाहून पदावर आलेल्या सेनापतीकडून धाडसाची अपेक्षा किती करावी, हेही विचारात घ्यावे लागते.

निवृत्तीनंतर

जून १९६६ मध्ये चौधुरी निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांची कॅनडात उच्चायुक्त म्हणून नेमणूक झाली आणि १९६९ पर्यंत ते तेथे होते. आर्म्स, एम्स अँड ॲस्पेक्ट्स (१९६६) हे त्यांचे संरक्षणविषयक पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यांचे आत्मचरित्र १९७८ मध्ये प्रकाशित झाले. ते त्यांनी बी. के. नारायण यांना सांगून लिहवून घेतले. भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण देऊन गौरवले. ६ एप्रिल १९८३ रोजी वयाच्या ७४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.