अबुल कासिम अल-जहरावी : हात कधी थांबवायचा हे जाणणारा जर्राह

गेल्या महिन्यात शाळेत पालकसभा झाली. सगळे पालक निघून गेल्यावर एक आई मागे थांबली. तिची मुलगी माझ्याच वर्गात आहे, दहावीला. लहानपणी जिन्यावरून पडली तेव्हा नाकाला मार बसला. तेव्हा सूज उतरली आणि घरच्यांनी शुक्र केला. पण नाक वाकडं राहिलं. आता मुलगी तोंडाने श्वास घेते, रात्री घोरते, वर्गात डोकं दुखतं म्हणून बसून राहते. शिवाय नातेवाईक बायका येता-जाता नाकावरून बोलतात, पुढे रिश्ते कसे येतील म्हणतात. आईने मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. थोड्या दिवसांत नवीन नाक, महिनाअखेरपर्यंत सवलत. मॅडम, इथे नेऊ का, असं ती विचारत होती.

मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. पण त्या वेळी मला एक नाव आठवलं, जे मी दरवर्षी विज्ञान दिनाला मुलांना सांगते. त्या माणसाने हजार वर्षांपूर्वी नाकाच्या शस्त्रक्रियेवर लिहिलं. आणि कोणाच्या हातात हत्यार द्यावं, कोणाच्या देऊ नये, हेही लिहून ठेवलं. ते म्हणजे अबुल कासिम खलफ इब्न अब्बास अल-जहरावी. युरोपने त्यांना अल्बुकासिस म्हटलं.

कुर्तुब्याच्या सावलीत

अल-जहरावी यांचा जन्म साधारण इ. स. 936 मध्ये अंदलुसमध्ये, म्हणजे आजच्या स्पेनमध्ये झाला असे मानतात. त्याच वर्षी खलिफा अब्दुर्रहमान तिसरा याने कुर्तुबा शहराजवळ मदीनतुज्जहरा ही नवी राजनगरी बांधायला घेतली. या नगरीवरूनच त्यांना जहरावी म्हणतात. त्यांच्या नावापुढे अन्सारी हीही निस्बत लागते, म्हणजे घराण्याचं मूळ मदिनेच्या अन्सारांशी जोडलं जातं.

तो काळ कुर्तुब्याच्या भरभराटीचा होता. अब्दुर्रहमाननंतर 961 मध्ये त्याचा मुलगा अल-हकम दुसरा गादीवर आला. त्याला पुस्तकांचं वेड होतं. त्याच्या ग्रंथालयात चार लाख पुस्तकं होती असं जुने इतिहासकार लिहितात. अशा शहरात अल-जहरावी शिकले, तिथेच त्यांनी रुग्ण तपासले. ते अल-हकमच्या दरबारी हकीम होते असंही म्हटलं जातं.

त्यांच्या खासगी आयुष्याबद्दल फार थोडी माहिती उरली आहे. दरबारातले किस्से नाहीत, प्रवासवर्णन नाही. इब्न हज्म या अंदलुसी आलिमाने त्यांचा उल्लेख केला, आणि पुढे अल-हुमैदीने आपल्या चरित्रकोशात चार ओळी लिहिल्या. बाकी जे काही कळतं ते त्यांच्या किताबमधूनच.

पन्नास वर्षांचा अनुभव, तीस भागांत

इ. स. 1000 च्या सुमारास त्यांनी आपलं मोठं काम पूर्ण केलं. त्याचं नाव किताब अत-तस्रीफ. यात तीस मकाले आहेत. आजार, औषधं, मलम, आहार, सगळं त्यात आहे. पण ज्याने त्यांचं नाव अमर केलं तो शेवटचा, तिसावा मकाला. तो पूर्ण शस्त्रक्रियेवर आहे. त्याचे तीन भाग आहेत. पहिल्यात डागणी, दुसऱ्यात चिरफाड, टाके आणि जखमा, तिसऱ्यात मोडलेली आणि निखळलेली हाडं.

यामागे जवळजवळ पन्नास वर्षांचा अनुभव होता. सुमारे दोनशे हत्यारांची चित्रं त्यांनी त्यात काढली. सुऱ्या, आकडे, चिमटे, सळया, दात खरवडायची हत्यारं. कोणतं हत्यार कशाचं असावं, कोणाला धार असावी, कोणाला नसावी, हे चित्राशेजारी लिहिलं. शस्त्रक्रियेवरच्या पुस्तकात इतकी चित्रं देऊन शिकवण्याची पद्धत त्यांच्याआधी दिसत नाही. शिक्षिका म्हणून मला हे फार भावतं. नुसतं तोंडी सांगून हात तयार होत नाही, दाखवावं लागतं, हे त्यांना कळलं होतं. आपल्या शागीर्दांना ते मुलं म्हणून हाक मारतात.

नाकाचा उपचार

आता नाकाकडे येऊ. नाकात मांस वाढून श्वास अडतो, त्यावर त्यांनी वेगळं प्रकरण लिहिलं आहे. आज आपण त्याला पॉलिप म्हणतो. पण हत्यार हातात घेण्याआधी ते सांगतात की आधी रुग्णाला उजेडासमोर बसवून नीट बघा, वाढ कोणत्या प्रकारची आहे. ती कडक, काळपट, कॅन्सरसारखी असेल तर लोखंड लावूच नका. मऊ असेल तरच आकड्याने धरून बाहेर ओढा आणि कापा.

कापल्यावर काम संपलं का? नाही. नाकात सिरका आणि पाण्यासारखं द्रव घालून ते घशात उतरतं का, हे बघायला ते सांगतात. उतरलं तर रस्ता मोकळा झाला. नाही उतरलं तर वरच्या बाजूला काही राहिलं आहे. मग गाठी मारलेला तागाचा दोरा नाकातून घालून घशातून बाहेर काढायचा आणि करवतीसारखा मागेपुढे ओढायचा. त्यानंतर मलमाची वात, आणि जखम भरेपर्यंत शिशाची नळी, म्हणजे नाकपुडी चिकटून बंद होणार नाही.

भूल देण्याची आजच्यासारखी सोय नसताना रुग्णाने हे कसं सोसलं असेल, या विचाराने अंगावर काटा येतो. पण यातली गोष्ट ओळखा. नाक बाहेरून कसं दिसतं याआधी त्यातून हवा जाते की नाही, हे तपासणारा हा सर्जन होता.

मार लागून मोडलेल्या नाकावरही त्यांनी लिहिलं. नाकाचा वरचा भाग हाडाचा, खालचा कूर्चेचा, हा फरक ते सांगतात. हाड आत दबलं असेल तर आतून बोटाने उचलायचं, बाहेरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी बसवायचं, आतून कापडाच्या वातींचा आधार द्यायचा. हे पहिल्याच दिवशी करावं, नाहीतर सूज उतरायची वाट पाहावी. श्वास चालू राहावा म्हणून कापड गुंडाळलेल्या पिसाच्या पोकळ दांडीचा वापरही त्यांच्याकडे आढळतो.

कापलेलं नाक, ओठ किंवा कान शिवण्यावरही प्रकरण आहे. तिथे ते मोकळेपणाने कबूल करतात की यात यश थोड्यांनाच मिळतं. जखम ताजी असेल तर शिवा. कडा सुकून वेगळ्या भरल्या असतील तर वरची कातडी खरवडून रक्त आल्यावरच टाके घाला, नाहीतर मांस जुळणार नाही.

अनाड्यांच्या हातून गेलेले जीव

तिसाव्या मकाल्याच्या सुरुवातीला अल-जहरावी हत्यारांबद्दल बोलत नाहीत. ते तक्रार करतात की आमच्या मुल्कात आणि आमच्या काळात शस्त्रक्रियेचा हुनर जवळजवळ संपला आहे. कारण लोक शरीररचना शिकतच नाहीत. हाडं, शिरा, धमन्या कुठून जातात हे माहीत नसताना हत्यार चालवतात. मग ते स्वतः पाहिलेली उदाहरणं देतात.

एका हकीमाने एका बाईच्या मानेवरची गाठ कापली आणि धमनी तोडली. ती त्याच्यासमोरच रक्त जाऊन मेली. दुसऱ्याने एका म्हाताऱ्या माणसाचा मोठा मूतखडा काढताना मूत्राशयाचा तुकडाही ओढून काढला. तो माणूस तीन दिवसांत गेला. याच म्हाताऱ्यासाठी आधी अल-जहरावी यांना बोलावलं होतं. खड्याचा आकार आणि रुग्णाची हालत पाहून हा वाचणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. तिसऱ्याने पाय मोडलेल्या एका गुलामाची जखम उघडी न ठेवता वरून घट्ट पट्टी बांधली आणि दिवसेंदिवस सोडू दिली नाही. पाय सुजला. अल-जहरावी यांना बोलावलं तेव्हा त्यांनी ताबडतोब पट्टी सोडली, वेदना कमी झाली, पण सडणं आत पोहोचलं होतं. तो वाचला नाही. चौथ्याने कॅन्सरची गाठ फोडली आणि ती आणखी चिघळली.

यातून त्यांनी शागीर्दांना जे बजावलं त्याचा मतलब असा. शस्त्रक्रिया दोन तऱ्हेच्या असतात, एक जिच्यात सलामती आहे आणि दुसरी जिच्यात बहुतेक वेळा धोका आहे. धोक्याच्या मागे पैशासाठी जाऊ नका. जिथे खात्री नाही तिथे हात आवरा. आपल्याकडे हदीसमध्येही आलं आहे की ज्याला तिब्ब येत नाही आणि तरी तो उपचार करतो, तो नुकसानीला जबाबदार आहे. अल-जहरावी यांचं सगळं आयुष्य म्हणजे या जबाबदारीचा अमल होता.

शहर गेलं, किताब राहिली

1009 मध्ये अंदलुसमध्ये आपसातली लढाई पेटली. मदीनतुज्जहरा लुटली गेली, उद्ध्वस्त झाली. अल-जहरावी यांचा इंतकाल साधारण 1013 मध्ये झाला असं मानतात. म्हणजे ज्या नगरीबरोबर ते जन्मले, तिचा शेवटही त्यांनी पाहिला असावा.

किताब मात्र वाचली. बाराव्या शतकात तोलेदो शहरात जेरार्ड ऑफ क्रेमोना याने तिसाव्या मकाल्याचा लॅटिन अनुवाद केला. चौदाव्या शतकातला फ्रान्सचा मोठा सर्जन गी द शोलियाक याने आपल्या ग्रंथात वारंवार त्यांचा हवाला दिला. 1465 मध्ये अमास्याच्या शरफुद्दीन साबुंजूओग्लू या तुर्की हकीमाने त्यांच्या आधारावर तुर्की भाषेत सचित्र ग्रंथ लिहिला. कुर्तुब्यात आजही एका गल्लीला त्यांचं नाव आहे.

नाकाच्या शस्त्रक्रियेत आपल्या मातीचाही हिस्सा आहे, हे मुलांना जरूर सांगावं. सुश्रुतसंहितेत कापलेलं नाक नव्याने बनवण्याची रीत आहे. आणि 1794 मध्ये लंडनच्या एका मासिकात कावसजी नावाच्या बैलगाडीवाल्याची हकीकत छापून आली. म्हैसूरच्या युद्धात कैद झाल्यावर त्याचं नाक कापलं गेलं होतं. पुण्याच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. ते वाचून युरोपच्या सर्जनांनी ही पद्धत उचलली. हा कारागीर विटा बनवणाऱ्या जातीतला होता. डिग्री नव्हती, पण हातात पिढ्यांचा सराव होता.

मग आज कोणाकडे जावं?

त्या आईला मी अल-जहरावी यांच्याच कसोट्या सांगितल्या, फक्त आजच्या भाषेत.

पहिली, इल्म. नाकाचं काम दोन प्रकारचे तज्ज्ञ करतात. कान-नाक-घशात एमएस किंवा त्या दर्जाची पदवी घेतलेले, आणि एमबीबीएस, एमएस नंतर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी झालेले. नुसत्या कॉस्मेटिक क्लिनिकच्या पाटीला भुलू नका. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे डॉक्टरची नोंदणी आहे का ते तपासता येतं. विचारायला लाजू नका.

दुसरी, तपासणी. जो डॉक्टर नाकात दिवा आणि दुर्बीण घालून पडदा कसा आहे, हवा जाते का, हे न बघता थेट फोटोवर नवं नाक काढून दाखवतो, त्याच्यापासून सावध राहा. आकार सुंदर झाला आणि श्वास बंद पडला, तर काय फायदा?

तिसरी, हात. अशी किती नाकं त्याने स्वतः केली, आधीचे-नंतरचे फोटो दाखवतो का, बिघडलं तर पुढे काय करेल, भूल कोण देणार, हॉस्पिटलमध्ये अडचणीच्या वेळची सोय आहे का, हे विचारा. सूज पूर्ण उतरून खरा आकार दिसायला वर्षभर लागू शकतं. आठ दिवसांचं वचन देणारा एकतर अनाडी किंवा लालची.

चौथी आणि सगळ्यात मोठी, नकार. जो डॉक्टर अजून थांबा किंवा याची गरज नाही असंही म्हणू शकतो, त्याच्यावर भरवसा ठेवा.

हे जायज आहे का, हाही सवाल घरात येतोच. हजरत अरफजा (रजि.) यांचं नाक लढाईत गेलं होतं. त्यांनी चांदीचं बसवलं, त्याला वास येऊ लागला, तेव्हा अल्लाहच्या रसूलांनी (स.) सोन्याचं बसवायला सांगितलं, असं अबू दाऊद आणि तिर्मिजीमध्ये आलं आहे. ऐब किंवा इजा दुरुस्त करणं आणि नुसत्या हौसेसाठी अल्लाहने दिलेला चेहरा बदलणं, यात उलमा फरक करतात. आपल्या बाबतीत आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारून घ्यावं.

ती आई मुलीला घेऊन सरकारी मेडिकल कॉलेजच्या कान-नाक-घसा विभागात गेली. तिथल्या डॉक्टरांनी आतून तपासलं. पडदा वाकडा आहे, त्याचं काम करावं लागेल, पण घाई नाही, परीक्षा होऊ द्या, असं त्यांचं मत पडलं. बाहेरच्या आकाराचं मुलीची वाढ पूर्ण झाल्यावर बघू, आणि तेही तिची स्वतःची इच्छा असेल तरच.

आई थोडी नाराज होती, कारण सवलत निघून गेली होती. मुलगी मात्र खूश होती. तिला पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं की तुला काय त्रास होतो. नाकावरून बोलणाऱ्या बायकांबद्दल त्या डॉक्टरांनी एक शब्द विचारला नाही. फक्त झोप कशी लागते, एवढंच विचारलं.