फिलिप फेरारी : तिकिटांचा कुबेर

विद्यार्थिदशेत पोस्टाची तिकिटे जमविण्याचा छंद अनेकांना जडतो. पुढे परीक्षा येतात, संसार येतो आणि तिकिटांची वही माळ्यावर जाऊन पडते. परंतु ज्याची वही आयुष्यभर मिटलीच नाही, असा एक माणूस गेल्या शतकापूर्वीच्या युरोपात होऊन गेला. त्याचे नाव फिलिप फॉन फेरारी. एवढा मोठा तिकीटसंग्रह करणारा दुसरा माणूस त्याच्यापूर्वी झाला नव्हता.

टपालाचे पहिले चिकटणारे तिकीट १८४० साली इंग्लंडमध्ये निघाले. आपल्याकडे मुंबई इलाख्याला जोडलेल्या सिंध प्रांतात १८५२ साली ‘सिंध डाक’ ही तिकिटे निघाली. या दोन घटनांच्या मधल्या काळात, ११ जानेवारी १८५० रोजी, फेरारीचा पॅरिसमध्ये जन्म झाला. म्हणजे टपाल तिकीट आणि हा तिकीटवेडा जवळजवळ बरोबरीनेच वाढले, असे म्हणावयास हरकत नाही.

घरात लक्ष्मी पाणी भरत होती. वडील गॅलिएराचे ड्यूक, मूळचे इटलीतील जेनोआचे, बँका व लोहमार्ग यांत पैसा गुंतविणारे बडे धनिक. आई दानशूर म्हणून प्रसिद्ध. तिने जेनोआत रुग्णालये बांधली. राहण्यास पॅरिसमधला मातिन्यों हा भव्य प्रासाद होता. आज तेथे फ्रान्सच्या पंतप्रधानांचे निवासस्थान आहे. अशा घरातल्या या मुलाचे मन दहाव्या वर्षाच्या सुमारास रंगीत कागदाच्या चिमुकल्या तुकड्यांवर जडले, ते कायमचे.

१८७६ साली वडील वारले. फिलिपने त्यांची पदवी घेण्याचे नाकारले. एका ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने त्याला दत्तक घेतले आणि तो ऑस्ट्रियाचा नागरिक झाला. १८८८ साली आईही गेली. तिने तो प्रासाद वकिलातीसाठी ऑस्ट्रियाच्या सम्राटाला देऊन टाकला. मुलाला त्याच वास्तूच्या एका भागात राहण्याची मुभा मिळाली. इटालियन घराणे, ऑस्ट्रियन नागरिकत्व आणि फ्रान्समध्ये वास्तव्य! खऱ्या अर्थाने तो एकाच राज्याचा प्रजाजन होता, आणि ते राज्य तिकिटांचे होते.

या राज्याचा कारभारही त्याने थाटाने चालविला. पिएर माहे या जाणकाराला त्याने १८७४ पासून संग्रहाची व्यवस्था पाहण्यासाठी नोकरीस ठेवले. सुटी तिकिटे जमविण्यात समाधान न मानता त्याने इंग्लंडमधील न्यायाधीश फिलब्रिक व सर डॅनियल कूपर यांचे नामांकित संग्रहच्या संग्रह विकत घेतले. दुर्मिळ तिकिटांच्या शोधात तो युरोपभर हिंडे आणि व्यापाऱ्याने सांगितलेली किंमत रोख मोजून देई. ही उदारता ओळखून लबाडांनी केवळ त्याला विकण्यासाठी बनावट तिकिटे तयार केली. अशा नकली मालाला तिकिटांच्या बाजारात पुढे त्याच्याच नावावरून ‘फेरारिटी’ हे उपहासाचे नाव पडले.

पण खोट्या नाण्यांबरोबर खरे सोनेही त्याच्याच पेटीत येत होते. हवाई बेटांची १८५१ ची ‘मिशनरी’ तिकिटे त्याच्याजवळ होती. स्वीडनचे १८५५ चे तीन स्किलिंगचे तिकीट हिरवट रंगात निघावयाचे, ते चुकून पिवळे छापले गेले होते. ते १८९४ साली त्याने घेतले. सर्वांचा शिरोमणी म्हणजे ब्रिटिश गियानाचे १८५६ चे एक सेंटचे किरमिजी तिकीट. लंडनहून तिकिटांचा पुरवठा वेळेवर न आल्यामुळे ते जॉर्जटाउनच्या छापखान्यात घाईने छापून घेतलेले होते. १८७३ साली एका बारा वर्षांच्या शाळकरी मुलाला ते घरातील जुन्या कागदपत्रांत सापडले आणि त्याने ते सहा शिलिंगांस विकले! १८७८ मध्ये लिव्हरपूलच्या एका व्यापाऱ्याकडून ते फेरारीकडे आले. या तिकिटाची दुसरी निर्विवाद प्रत जगात अद्याप सापडलेली नाही.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि फेरारीचे राज्य हादरले. ऑस्ट्रियाचा नागरिक म्हणजे फ्रान्सचा शत्रू! प्राणाहून प्रिय संग्रह पॅरिसमध्ये सोडून त्याला स्वित्झर्लंड गाठावे लागले. तेथेच लोझान येथे २० मे १९१७ रोजी हृदयविकाराने त्याचा अंत झाला. संग्रहाची ताटातूट होऊ नये, तो एकत्र राहावा आणि लोकांना पाहता यावा, म्हणून मृत्युपत्रात त्याने तो बर्लिनच्या टपाल संग्रहालयाला दिला होता. जतन करण्यासाठी रक्कमही ठेवली होती.

पण दैवाच्या मनात वेगळेच होते. फ्रेंच सरकारने शत्रूची मालमत्ता म्हणून संग्रह जप्त केला आणि १९२१ ते १९२६ या काळात पॅरिसच्या द्रुओ लिलावगृहात चौदा लिलावांत तो फुंकून टाकला. आलेले पैसे जर्मनीकडून येणाऱ्या युद्धभरपाईत जमा धरण्यात आले. एप्रिल १९२२ मध्ये गियानाचे किरमिजी तिकीट पुकारले गेले, तेव्हा जगातील मातब्बर संग्राहकांत चढाओढ लागली. बोली चढत चढत तीन लाख फ्रँकवर गेली आणि अमेरिकेतील गिरणीमालक आर्थर हाइंड याच्या नावावर हातोडा पडला. कर धरून किंमत साडेतीन लाखांच्या वर गेली. पुढे मालक बदलत राहिले. २०१४ साली याच तिकिटाला सुमारे पंचाण्णव लाख डॉलर आले.

फेरारीवर अन्याय झाला यात शंका नाही. ज्याने आयुष्यभर सर्व राष्ट्रांची तिकिटे एकाच प्रेमाने जवळ केली, त्याच्या संग्रहाला अखेर राष्ट्राराष्ट्रांतील वैराचीच किंमत मोजावी लागली. मात्र दुसरी बाजूही विसरता येत नाही. त्याच्या हयातीत तो खजिना फारच थोड्यांच्या दृष्टीस पडला होता. लिलावांमुळे तो फुटला खरा, पण त्याबरोबरच अभ्यासकांना खुला झाला. खऱ्याखोट्याची पारख झाली आणि ही तिकिटे देशोदेशींच्या संग्राहकांकडे पोहोचली. पुष्कळ तिकिटांना आज ‘पूर्वी फेरारीच्या संग्रहातील’ ही ओळख मोठ्या अभिमानाने जोडली जाते. वडिलांची पदवी त्याने नाकारली होती. ही पदवी मात्र न मागता त्याला मिळाली.