पिशवीच्या तोंडाला टाका घालणारे डॉ. शिरोडकर कोण होते?

कामोठ्यात गरोदर बायकांच्या ओपीडीबाहेर बसलात, तर पिशवीच्या तोंडाला टाका घालायचाय, हे बोलणं कधी ना कधी कानावर पडेल. त्यातल्या एका टाक्याला जगभरातले डॉक्टर शिरोडकर टाका म्हणतात. हे शिरोडकर मुंबईतले.

विठ्ठल नागेश शिरोडकर. जन्म 1899, गोव्यातलं शिरोडे. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिक्षण, 1931 ला इंग्लंडची एफआरसीएस, परत येऊन ग्रँटमध्येच प्राध्यापक. इथवर सगळं सरळ.

प्रश्न होता काही पेशंटचा. या बायकांचं मूल दर वेळी चौथ्या ते सातव्या महिन्यात जायचं. विश्रांती, हार्मोन्स, कशाचाच उपयोग नाही. घरी बोल कुणाला लागत असेल, ते सांगायला नको. शिरोडकरांनी त्यांना पुन्हा पुन्हा तपासलं. गर्भाशयाचं तोंडच कमकुवत होतं, पोट वाढलं की ते कळांशिवाय उघडायचं. मग त्यांनी मांडीच्या स्नायूवरच्या आवरणाची पट्टी काढली आणि बटव्याची नाडी आवळावी तशी त्या तोंडाभोवती बांधली. तीही गरोदरपणातच! 1955 मध्ये हे छापून आलं. दोन वर्षांनी मेलबर्नच्या इयन मॅकडोनाल्ड यांनी याहून सोपा टाका मांडला. आज दोन्ही वापरात आहेत.

यात बाळाच्या मेंदूचा काय संबंध? 37 आठवड्यांआधीचा जन्म म्हणजे अकाली. त्यातही 28 आठवड्यांआधी मेंदूतल्या रक्तवाहिन्या इतक्या नाजूक असतात, की पहिल्या तीन-चार दिवसांतच रक्तस्राव होऊ शकतो. पुढे सेरेब्रल पाल्सीचा धोका. त्यामुळे पोटातला एकेक आठवडा मोलाचा. टाका साधारण 12 ते 14 आठवड्यांत घालतात, 36-37 ला काढतात. तो प्रत्येकीला लागत नाही. काहींना प्रोजेस्टेरॉन पुरतं. पण आधी असं मूल गेलं असेल, तर ते पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना सांगा. लाजेपोटी हेच लपवलं जातं आणि टाक्याची वेळ निघून जाते.

बाळंतपण थांबणारच नसेल, तर आता आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन आणि बाळाच्या मेंदूसाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात. शिरोडकरांच्या हातात यातलं काहीच नव्हतं. 1971 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, त्याच वर्षी मार्चमध्ये ते गेले. स्टिरॉइडचा पहिला मोठा अभ्यास न्यूझीलंडहून प्रसिद्ध झाला तो 1972 मध्ये.