काळाच्या आधी आलेला माणूस : र. धों. कर्वे

महर्षी कर्वे म्हटले की हात आपोआप जोडले जातात. पण त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव यांचे नाव निघाले की अजूनही काही जण विषय बदलतात. अर्थशास्त्राच्या तासाला लोकसंख्येचे धोरण शिकताना मला प्रथम आठवण होते ती या गणिताच्या प्राध्यापकाची.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. आई राधाबाई १८९१ साली वारल्या, तेव्हा ते अवघ्या नऊ वर्षांचे होते. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. पुढे फर्ग्युसनमधून पदवी घेऊन ते गणित शिकवू लागले आणि अधिक अभ्यासासाठी फ्रान्सलाही जाऊन आले. असा माणूस सुखाने नोकरी करून पेन्शन घेता. पण १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. पत्नी मालतीबाई त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. या दांपत्याने स्वतःला मूल न होऊ देण्याचा निर्णय घेतला होता. पुढे या कार्यापायीच त्यांना विल्सन कॉलेजातील प्राध्यापकी सोडावी लागली.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि मरेपर्यंत ते चालवले. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला हरला, दंड झाला, मासिक मात्र थांबले नाही.

आता सरकारची बाजू पाहा. म्हैसूर संस्थानाने १९३० सालीच सरकारी संततिनियमन केंद्रे उघडली. मुंबई इलाख्यात मात्र, १९३८ साली आंबेडकरांच्या पक्षातर्फे रोहम यांनी विधिमंडळात याविषयी ठराव मांडला, तो फेटाळला गेला. स्वतंत्र भारताने १९५२ साली कुटुंबनियोजन हा राष्ट्रीय कार्यक्रम केला. तेव्हा देशाची लोकसंख्या सुमारे ३६ कोटी होती. ज्या कामासाठी रघुनाथरावांना कोर्टाची पायरी चढावी लागली, तेच काम आता सरकार करू लागले! १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते वारले. वडील त्यांच्यामागे आणखी नऊ वर्षे जगले.

पण सरकारने त्यांचे साधन उचलले तरी त्यांचा विचार उचलला का, हा प्रश्न मला सतावतो. त्यांच्या लेखी संततिनियमन म्हणजे आकड्यांचे गणित नव्हते. मूल हवे की नको हे स्त्रीने ठरवावे, हे त्यांचे सूत्र होते. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांतल्या कितीतरी सक्तीने. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. लोक एवढे बिथरले की १९७७ नंतर कार्यक्रमाचे नाव बदलून 'कुटुंब कल्याण' करावे लागले.

दुसरा परिणाम लोकसंख्येच्या रचनेवर झाला. लहान कुटुंबाचा मंत्र लोकांनी घेतला, पण मुलाचा हव्यास सोडला नाही. गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वप्रथम कायदा केला. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ वर आल्या. सरकारने संख्येवर बोट ठेवले, स्त्रीच्या इच्छेकडे पाहिले नाही, तर असेच व्हायचे.

याउलट २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील दर स्त्रीमागे मुलांचे प्रमाण २ वर आलेले दिसले. हे सक्तीने झालेले नाही; मुलींचे शिक्षण, बालमृत्यूंतील घट आणि हाताशी आलेली साधने यांनी ते घडवले. म्हणूनच मला वाटते, धोरण आखणाऱ्यांनी जनगणनेच्या तक्त्यांइतकेच 'समाजस्वास्थ्य'चे जुने अंकही वाचावेत. आपल्या ग्रंथालयात ते नसतील, तर ते मिळवण्याचा प्रयत्न आपण विद्यार्थ्यांनीच का करू नये?