बिनतारणाचे कर्ज

आम्हा बँकवाल्यांना एक खोड असते. कोणी काही नवे करायला निघाला की त्याच्या कल्पनेचे कौतुक नंतर, आधी मनात येते ते जामीन कोण? माझ्या नोकरीची बरीच वर्षे सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शाखांत गेली. पुढे कादंबऱ्या लिहिल्या, तरी ही खोड काही सुटली नाही. हल्ली नव्या दिग्दर्शकांच्या पहिल्यावहिल्या चित्रपटांचे महोत्सव भरतात. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांतही १९८० सालच्या चित्रपटांपासून पदार्पणासाठी वेगळा मान आहे. अशा बातम्या वाचल्या की मी विचार करू लागतो, की ज्याने आजवर एकही चित्रपट केला नव्हता, त्याच्या हाती पैसा ठेवला तरी कोणी?

चेक दिग्दर्शक यिर्झी मेंझेल याचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट १९६६ साली आला, तेव्हा तो अवघ्या अठ्ठावीस वर्षांचा होता. पुढे त्या चित्रपटाला ऑस्करही मिळाले. तिथे चित्रपटधंदा सरकारी, चित्रपटाचे शिक्षण सरकारी आणि पैसाही सरकारचाच. मात्र त्याच सरकारने याच मेंझेलचा नंतरचा एक चित्रपट वीस वर्षे कुलपात ठेवला. पैसा देणाऱ्याच्या हाती दोरी असते ती अशी.

आपल्याकडचा असा पहिलटकर शोधायचा तर सांगलीहून कृष्णा ओलांडून कोल्हापूरला जावे लागते. ३ जून १८९० रोजी तिथे एका मिस्त्री घराण्यात बाबूराव जन्मले. कलाशाळेचे शिक्षण नाही. नात्याने भाऊ लागणाऱ्या आनंदरावांच्या जोडीने ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. लोकांनी दोघांनाही पेंटर हे आडनाव बहाल केले आणि तेच पुढे कायम झाले. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली हलती चित्रे दाखवली आणि या दोघा भावांना दुसरे काही सुचेना. कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हा तो घरीच बनवायचे ठरले. काम अर्ध्यावर असताना १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरले आणि तो कॅमेरा पुरा केला.

यंत्र झाले, पण कंपनीला भांडवल लागते. पडदे रंगवणारा, हाती स्वतःच जुळवलेले एक यंत्र, पूर्वानुभव शून्य आणि धंदा असा की ज्याचा भरवसा मुंबईच्या पेढ्यांनाही नव्हता! असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो दोन ओळींच्या शेऱ्यानिशी परत पाठवला असता, आणि नियमाने तेच बरोबर ठरले असते. बाबूरावांना भांडवल दिले ते तानीबाई कागलकर या गायिकेने. गाण्याच्या बैठकींतून जमवलेला पैसा एका बाईने एका चित्रकाराच्या हाती ठेवला आणि त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

पहिला चित्रपट निघाला 'सैरंध्री'. ही कथा आमच्या मुलखाला परकी नाही. सातारा जिल्ह्यातल्या वाईला लोक आजही विराटनगरी म्हणतात, आणि विराटाच्या घरचा कीचक त्यांना शेजारचाच वाटतो. सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी याच कथेवर १९०७ साली 'कीचकवध' लिहिले. त्यातला कीचक प्रेक्षकांना लॉर्ड कर्झनसारखा दिसू लागला आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. ते कथानक दहा वर्षांनी पडद्यावर आणणे हे नवख्या माणसाचे धाडसच होते. फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन चित्रगृहात 'सैरंध्री' लागला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या, हेही त्या काळी सोपे नव्हते. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. बाबूराव तेव्हा तीस वर्षांचेही नव्हते.

पण मला त्यांचा सर्वांत जवळचा वाटतो तो १९२५ चा 'सावकारी पाश'. कथा साताऱ्याजवळच्या कोरेगावचे कादंबरीकार ना. ह. आपटे यांची. सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावून शहरातल्या गिरणीत मजुरीला जाणारा शेतकरी हा तिचा नायक. राजेरजवाडे आणि देवदेवता सोडून मराठी चित्रपट प्रथमच आमच्या बांधावर येऊन उभा राहिला. माण-खटाव आणि जत-आटपाडीच्या दुष्काळी गावांत कर्जवसुलीसाठी फिरताना मला हा शेतकरी अनेक घरांच्या ओट्यावर भेटला आहे. कर्ज माणसाला उभे करते आणि आडवेही करते. तानीबाईंच्या पैशावर उभा राहिलेला माणूस कर्जाने आडव्या झालेल्याची गोष्ट सांगत होता.

त्या शेतकऱ्याची भूमिका करणारा तरुण कंपनीत पडेल ते काम करीत वर आला होता. त्याचे नाव शांताराम वणकुद्रे. तानीबाईंनी बाबूरावांना जी संधी दिली, तीच बाबूरावांनी आपल्या माणसांना दिली. १९२७ साली शांतारामांनी केशवराव धायबरांसह 'नेताजी पालकर' केला, १९२८ साली दामले आणि फत्तेलाल यांनी 'महारथी कर्ण' केला. पहिल्या चित्रपटांचा एक महोत्सवच त्या आवारात भरला होता म्हणा ना. १९२९ साली हे चौघेही बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी या सराफाच्या भांडवलावर त्यांनी प्रभात काढली. दामले-फत्तेलालांच्या 'संत तुकाराम'ने १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात मान मिळवला.

बाबूरावांची कंपनी मात्र १९३१ साली बंद पडली. पुढे त्यांनी बोलपटही केले, पण ते दिवस परतले नाहीत. ते पुन्हा कुंचल्याकडे आणि शिल्पाकडे वळले आणि १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच वारले. खतावणीच्या हिशेबाने पाहिले, तर बाबूरावांनी माणसांत घातलेले भांडवल त्यांच्या स्वतःच्या खात्यात परत आले नाही. ते मराठी चित्रपटाच्या खात्यात जमा झाले, आणि त्यावरचे व्याज आपण सारे इतकी वर्षे खात आहोत.

सांगलीत ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन होतो, तेव्हा विष्णुदास भाव्यांबरोबर चिंतामणराव पटवर्धनांचे नाव आवर्जून घेतले जाते, कारण १८४३ सालचे 'सीतास्वयंवर' त्यांच्या आश्रयाने उभे राहिले. राजाची आठवण राहते. तानीबाईंचे नाव चित्रपटांच्या इतिहासात जेमतेम एका ओळीत येते. पुढच्या वेळी एखाद्या महोत्सवात कोणी नवा मुलगा किंवा मुलगी आपला पहिला चित्रपट घेऊन व्यासपीठावर येईल, तेव्हा टाळ्या जरूर वाजवाव्यात. आणि त्याच्यामागे तारण न मागता उभे राहिलेले माणूस कोण, तेही विचारून घ्यावे. बहुधा ते शेवटच्या रांगेत बसलेले असते.